इफची वाक्यं प्रश्न विचारत कशी शिकवावीत

इंग्रजीचा वर्ग नव्याने घेणारा शिक्षक कन्डिशनल, म्हणजे 'इफ'ने अट घालणाऱ्या, वाक्यांपाशी आला की बहुतेक वेळा फळ्यावर एक तक्ता काढतो. डावीकडे झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि उजवीकडे 'इफ अधिक साधा वर्तमानकाळ, पुढे विल' अशी सूत्रं. विद्यार्थी तक्ता वहीत उतरवून घेतात, रिकाम्या जागा भरतात, बऱ्याचशा बरोबरही येतात. दोन दिवसांनी त्यांतलाच एखादा बोलताना 'इफ आय विल गो' म्हणतो. तक्ता त्याला पाठ असतो. पण वाक्य सुरू करण्याआधी बोलणाऱ्याला जे ठरवावं लागतं, ते त्याने कधी ठरवलेलंच नसतं: मी बोलतोय ती गोष्ट नेहमी घडते, घडू शकते, निव्वळ कल्पनेतली आहे, की होऊन गेली आणि आता बदलणार नाही?

हे त्याला ठरवायला लावायचं, तर समजावून सांगण्यापेक्षा विचारणं जास्त उपयोगी पडतं. नेमक्या क्रमाने विचारलेले छोटे प्रश्न विद्यार्थ्याला वाक्याच्या अर्थापर्यंत नेतात आणि अर्थ हाती आला की रूप लक्षात राहायला आधार मिळतो. हे प्रश्न कसे तयार करायचे, कधी विचारायचे आणि कुठे थांबायचं, ते इथे सांगतो.

आधी शिक्षकाच्या मनात काय पक्कं हवं

प्रत्येक कन्डिशनल वाक्याचे दोन भाग असतात. मराठी व्याकरणात यांना संकेतार्थी वाक्यं म्हणतात, पण वर्गात 'अट' आणि 'परिणाम' हे दोन शब्द पुरतात. वाक्य कोणतंही असो, त्याला दोन प्रश्न लावून पाहायचे. हे कोणत्या काळाबद्दल आहे? आणि बोलणाऱ्याच्या मते हे खरं आहे, शक्य आहे, की नुसती कल्पना आहे?

'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.' हे नेहमीचं आणि खरं. 'इफ इट रेन्स, आय विल स्टे होम.' हे पुढचं आणि शक्य. 'इफ आय न्यू हर नंबर, आय वुड कॉल हर.' हे आत्ताचं आणि कल्पनेतलं. नंबर माहीत नाही. 'इफ आय हॅड नोन हर नंबर, आय वुड हॅव कॉल्ड हर.' हे मागचं आणि कल्पनेतलं. नंबर माहीत नव्हता, फोन केला गेला नाही.

ही चार वाक्यं, म्हणजे अनुक्रमे झिरो, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड कन्डिशनल, शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. कल्पनेत शिरलं की इंग्रजी क्रियापद एक पायरी मागे सरकतं. आत्ताबद्दल कल्पना करायची तर साधा भूतकाळ, मागच्याबद्दल करायची तर पूर्ण भूतकाळ. 'न्यू' हे रूप भूतकाळाचं असलं तरी इथे ते घड्याळाबद्दल काहीच सांगत नाही. वास्तवापासून आपण किती लांब आहोत, तेवढंच ते सांगतं. सेकंड आणि थर्ड कन्डिशनलचं सगळं मर्म एवढ्यात आहे, आणि वर्गातले सर्वांत चांगले प्रश्न इथूनच निघतात.

चार प्रकार ही शिकवण्याची सोय आहे. बोलण्यातली इंग्रजी त्यापेक्षा मोकळी असते. 'इफ यू आर टायर्ड, गो टु बेड.' यात विल नाही. 'इफ ही लेफ्ट ॲट सिक्स, ही विल बी होम बाय नाऊ.' यातला 'लेफ्ट' खराखुरा भूतकाळ आहे, कारण तो सहाला निघालेला असू शकतो. एखाद्या विद्यार्थ्याने असं वाक्य आणलं तर 'हा अपवाद आहे' म्हणून बाजूला सारू नका. तेच दोन प्रश्न विचारा, वाक्य उलगडतं.

मराठीतून येणारे विद्यार्थी नेमके कुठे अडतात

मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या चुका अंदाधुंद नसतात. त्या मराठीच्या रचनेतून येतात, आणि शिक्षकाला त्या आधीच माहीत असल्या की प्रश्न नेमक्या जागी बसतात.

'पाऊस आला तर मी येणार नाही.' इथे पाऊस अजून यायचा आहे, तरी आपण 'आला' म्हणतो. मराठीत पुढच्या, अगदी शक्य असलेल्या अटीलाही भूतकाळी रूप चालतं. म्हणून विद्यार्थी 'इफ इट रेन्ड, आय विल नॉट कम' म्हणतो आणि त्याला त्यात काही खटकत नाही. 'मी पक्षी झालो तर' या निबंधाच्या शीर्षकातही तेच 'झालो' आहे. म्हणजे पाऊस येणं आणि माणसाचा पक्षी होणं, दोन्हींना मराठीत एकच साचा. इंग्रजीत मात्र पहिल्याला 'इफ इट रेन्स' आणि दुसऱ्याला 'इफ आय वर अ बर्ड'.

दुसरी अडचण 'असता'ची. 'माझ्याकडे वेळ असता तर मी आलो असतो.' हे आज संध्याकाळबद्दल आहे की गेल्या महिन्याबद्दल? मराठीत दोन्ही चालतं, संदर्भावरून कळतं. इंग्रजीत आजचं असेल तर 'इफ आय हॅड टाइम, आय वुड कम' आणि मागचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम'. सेकंड आणि थर्डची सरमिसळ होते ती इथून. म्हणून मराठी वर्गात 'कधीची गोष्ट आहे?' हा प्रश्न कितीही वेळा विचारला तरी जास्त होत नाही.

तिसरी अडचण सममितीची. 'तो आला असता तर मी गेलो असतो' या वाक्यात अट आणि परिणाम दोन्हीकडे 'असता-असतो' आहे. साहजिकच विद्यार्थी इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड' लावतो: 'इफ ही वुड हॅव कम, आय वुड हॅव गॉन.' ही चूक आळसातून येत नाही. आपल्या भाषेचा नियम तो इमानदारीने पाळत असतो, आणि शिक्षकाने ते त्याला सांगावंही. आपली चूक कुठून आली हे कळलं की तो ती स्वतः शोधायला लागतो.

प्रश्न कसा असावा

'समजलं का?' हा प्रश्न वर्गातून हद्दपार करा. त्याला 'हो' एवढंच उत्तर येतं. न समजलेलाही हो म्हणतो, आणि आपल्याला समजलं असं ज्याला चुकून वाटतंय तोही हो म्हणतो.

समज तपासणारा प्रश्न वाक्यापेक्षा सोपा असावा लागतो. इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणात अशा प्रश्नांना कन्सेप्ट चेकिंग क्वेश्चन, थोडक्यात सीसीक्यू म्हणतात. त्यांची एक अट काटेकोरपणे पाळायची: जी रचना शिकवतोय ती प्रश्नात येऊ द्यायची नाही. 'वुड ही कॉल हर इफ ही न्यू द नंबर?' असं विचारलं तर विद्यार्थी तेच शब्द उलटे करून परत देतो आणि त्याला काय कळलं हे कळत नाही. 'डझ ही नो द नंबर?' असं विचारलं की त्याला वाक्याच्या आत जावंच लागतं, कारण हे उत्तर वाक्यात कुठेही लिहिलेलं नाही.

उत्तर एका-दोन शब्दांचं असू द्या. इथे आपण इंग्रजी बोलण्याचा सराव घेत नाही, अर्थ पोचला का ते बघतोय. सगळ्या प्रश्नांचं उत्तर 'हो'च येत असेल तर वर्ग तिसऱ्या प्रश्नापासून ऐकणं थांबवतो, म्हणून हो आणि नाही मिसळून ठेवा. अगदी सुरुवातीच्या वर्गात हे प्रश्न मराठीत विचारायला माझी काहीच हरकत नाही. अर्थ मराठीत तपासा, वाक्य इंग्रजीतच राहू द्या.

प्रश्न सुचत नाहीत अशी तक्रार नवे शिक्षक करतात. त्यावर एक साधी रीत आहे. वाक्य कागदावर लिहा आणि त्याखाली, ते वाक्य खरं मानलं तर आपल्याला काय काय कळतं ते साध्या विधानांत लिहा. 'इफ शी हॅड स्टडीड, शी वुड हॅव पास्ड.' यावरून कळतं की तिने अभ्यास केला नाही. ती पास झाली नाही. दोन्ही गोष्टी होऊन गेल्या. आता त्या बदलता येत नाहीत. बोलणाऱ्याच्या मते अभ्यासाचा आणि पास होण्याचा संबंध आहे. आता प्रत्येक विधानाचा प्रश्न करा: तिने अभ्यास केला का? ती पास झाली का? हे आत्ताचं की मागचं? आता काही बदलता येईल का? ती कशामुळे नापास झाली? पाच प्रश्न तयार झाले. हे सगळं वर्गात जाण्यापूर्वी करायचं. फळ्यासमोर उभं राहून ऐनवेळी सुचलेल्या प्रश्नात हटकून एखादा 'वुड' शिरतो.

विचारल्यावर थांबायला शिका. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तोच अवधी तीन सेकंद किंवा त्याहून जास्त झाला की विद्यार्थ्यांची उत्तरं लांबत, आणि आपणहून दिलेली योग्य उत्तरंही वाढत. परक्या भाषेत तर विद्यार्थ्याला प्रश्न समजून घ्यायचा असतो, विचार करायचा असतो आणि शब्दही शोधायचे असतात. मनात सावकाश तीन आकडे मोजा. शांततेला घाबरून आपणच उत्तर देऊ नका.

आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलं तर बाकीचा वर्ग सुटला. मोठ्या वर्गात नेहमीचे तिघे-चौघेच बोलतात. तिथे सगळ्यांनी एकदम अंगठा वर किंवा खाली करायचा, किंवा उत्तर आधी वहीत लिहून मग सांगायचं. कोण शेजाऱ्याच्या अंगठ्याकडे बघून आपला अंगठा वळवतोय हेही त्यात दिसतं, आणि पुढचा प्रश्न कुणाला द्यायचा ते ठरतं.

एक तास, जवळून

सेकंड कन्डिशनलचा तास घेऊ. प्रश्नांचं खरं काम इथेच सर्वांत स्पष्ट दिसतं, कारण रूप भूतकाळाचं आणि गोष्ट आत्ताची असते.

पहिली पायरी चित्राची. फळ्यावर एक माणूस काढा, हातात फोन, डोक्यावर प्रश्नचिन्ह. शेजारी ढगात एक मुलगी. चित्रकला यायला हवी असं नाही, काड्यांचा माणूसही चालतो. चित्र आधी आणि वाक्य नंतर, हा क्रम मोडू नका. परिस्थिती कळल्यावर वाक्य ऐकलं तर अर्थाची जागा आधीच तयार असते.

चित्राबद्दल विचारा: त्याच्या हातात काय आहे? त्याला काय करायचंय? करता येतंय का? का नाही? कुणीतरी म्हणेल, 'नंबर नाही.' हवं होतं ते मिळालं.

दुसऱ्या पायरीला वाक्य तुम्ही द्या. इथे नवे शिक्षक एक गफलत करतात. सगळं विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यायचं, या उत्साहात ते 'वुड' सुद्धा वदवून घ्यायला बघतात आणि दहा मिनिटं अंदाजपंचे चालतं. प्रश्नांतून अर्थ काढून घेता येतो, न ऐकलेला शब्द काढून घेता येत नाही. रचना पहिल्यांदाच येत असेल तर वाक्य सरळ म्हणा, दोन-तीनदा, नेहमीच्या वेगाने: 'इफ ही न्यू हर नंबर, ही वुड कॉल हर.' मग फळ्यावर लिहा.

तिसरी पायरी अर्थाच्या प्रश्नांची. संवाद साधारण असा होतो:

शिक्षिका: डझ ही नो हर नंबर?
वर्ग: नो.
शिक्षिका: इज ही कॉलिंग हर?
वर्ग: नो.
शिक्षिका: डझ ही वॉन्ट टु कॉल हर?
वर्ग: येस.
शिक्षिका: लास्ट वीक ऑर नाऊ?
एक विद्यार्थी: लास्ट वीक, मॅडम.

हे उत्तर येणारच, आणि ते आलं तर आनंद माना. 'न्यू' ऐकून त्याने भूतकाळ धरला, म्हणजे तो रूपाकडे लक्ष देतोय. 'चूक' म्हणून पुढच्याकडे वळू नका. चित्राकडे बोट दाखवा.

शिक्षिका: बघ बरं. फोन कुठे आहे?
विद्यार्थी: हातात.
शिक्षिका: गेल्या आठवड्यात?
विद्यार्थी: नाही. आत्ता.
शिक्षिका: मग नंबर कधी हवाय त्याला?
विद्यार्थी: आत्ताच. पण मॅडम, 'न्यू' तर पास्ट आहे.

हा शेवटचा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला, हे या तासाचं खरं यश. याचं उत्तर लगेच देऊ नका. वर्गाकडे टाका: गोष्ट आत्ताची, शब्द मात्र पास्टचा. असं का केलं असेल? कुणी म्हणेल 'खरं नाही म्हणून', कुणी म्हणेल 'त्याला नंबर माहीतच नाही ना'. दोन्ही बरोबर. मग तुम्ही एका वाक्यात पक्कं करा: कल्पना आहे हे दाखवायला इंग्रजी एक पायरी मागे जाते. तुम्ही हे आधीच सांगितलं असतं तर ती नुसती माहिती झाली असती. आता ते त्यांना पडलेल्या कोड्याचं उत्तर झालं.

चौथी पायरी रूपाच्या प्रश्नांची. आता फळ्यावरच्या वाक्याकडे वळा. अट कुठली? तिच्याखाली रेघ मारा. परिणाम कुठला? 'न्यू' हे कोणतं रूप? 'वुड'नंतर 'कॉल', 'कॉल्ड' की 'कॉलिंग'? 'वुड' अटीत आहे का? हा शेवटचा प्रश्न मराठीभाषक वर्गात विसरू नका, कारण 'असता-असतो'ची सममिती इथेच डोकं वर काढते. मग परिणाम आधी आणि अट नंतर लिहून दाखवा: 'ही वुड कॉल हर इफ ही न्यू हर नंबर.' अर्थ बदलला का? नाही. काय गेलं? स्वल्पविराम.

पाचव्या पायरीला विद्यार्थी वाक्यं करतात. आधी चित्रांवरून, मग स्वतःबद्दल. स्वतःबद्दलची वाक्यं खरी असू द्या. 'मला पोहता येत नाही' हे खरं असेल तर 'इफ आय न्यू हाऊ टु स्विम' यातली कल्पना त्याला आतून कळते. प्रत्येक वाक्यानंतर शेजाऱ्याने एक तपासणारा प्रश्न विचारायचा: 'डू यू नो हाऊ टु स्विम?' प्रश्न विचारण्याचं काम तुमच्याकडून त्यांच्याकडे गेलं की ऐकणाऱ्यालाही अर्थाकडे लक्ष द्यावं लागतं. अडखळत का होईना, पहिल्याच तासाला हे करून बघा.

फर्स्ट की सेकंड: बोलतंय कोण?

'इफ आय विन द रेस' आणि 'इफ आय वन द रेस', दोन्ही व्याकरणाने बरोबर. दोन्हींतली शर्यत पुढे होणारी असू शकते. मग फरक कशात? विद्यार्थी हे विचारतात आणि शिक्षक 'पन्नास टक्के शक्यता असेल तर पहिलं' असलं काहीतरी सांगून बसतात. टक्क्यांच्या नादी लागू नका. फळ्यावर दोन धावणाऱ्या मुली काढा. एक रोज पहाटे सराव करणारी, दुसरी जिना चढतानाही दमणारी. दोन्ही वाक्यं लिहा आणि एवढंच विचारा: हे वाक्य कुणाच्या तोंडी शोभतं? उत्तर चटकन येतं. मग पुढचा प्रश्न: सराव करणारी मुलगी दुसरं वाक्य म्हणू शकेल का? कधी म्हणेल? तिचा आत्मविश्वास गेला असेल तर म्हणेल. म्हणजे इथे निवड वस्तुस्थितीपेक्षा बोलणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. वरच्या पातळीच्या विद्यार्थ्यांशी यावर छान गप्पा होतात, त्यांना वेळ द्या.

झिरो आणि फर्स्टसाठी प्रश्न एकच: नेहमी की या वेळी? तिथे फार रेंगाळायची गरज नाही. फक्त 'इफ' आणि 'व्हेन'चा फरक तपासा. 'इफ यू हीट आइस' आणि 'व्हेन यू हीट आइस' यांत फारसा फरक पडत नाही. पण 'इफ शी कॉल्स' आणि 'व्हेन शी कॉल्स' यांत पडतो. तिचा फोन येणार हे नक्की आहे का, एवढं विचारलं की झालं.

थर्ड: घडलेलं डावीकडे, न घडलेलं उजवीकडे

थर्ड कन्डिशनल अवघड वाटतं ते लांबीमुळे, आणि नकार उलटा होतो म्हणून. 'इफ शी हॅडंट ओव्हरस्लेप्ट, शी वुडंट हॅव मिस्ड द ट्रेन.' दोन नकार आहेत, आणि प्रत्यक्षात ती जास्त वेळ झोपली आणि गाडीही चुकली. हे डोक्यात उलटं करणं परक्या भाषेत खरोखर कष्टाचं आहे, म्हणून त्याला कागदावर जागा द्या.

घटनांची एक साखळी घ्या. तिने अलार्म लावला नाही. ती उशिरा उठली. तिची गाडी चुकली. ती मुलाखतीला पोचली नाही. ही वाक्यं साध्या भूतकाळात, इंग्रजीत, फळ्याच्या डाव्या बाजूला एकाखाली एक लिहा. फळ्याच्या मधोमध उभी रेघ. डावीकडच्या प्रत्येक वाक्याला विचारा: हे घडलं का? हो. आता बदलता येईल का? नाही. मग उजवीकडे कल्पना: 'इफ शी हॅड सेट द अलार्म, शी वुड हॅव वोकन अप अर्ली.' डावीकडे 'डिडंट' होतं, उजवीकडे काय झालं? होकार. खाली गाडी चुकली हा होकार आहे, उजवीकडे काय होईल? 'शी वुडंट हॅव मिस्ड द ट्रेन.' रेघ ओलांडली की चिन्ह बदलतं, हे विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. एका दुव्याचा परिणाम पुढच्या दुव्याची अट होतो, त्यामुळे एकाच गोष्टीतून तीन वाक्यं मिळतात आणि नवा संदर्भ समजून घ्यायचा ताण राहत नाही.

इथे सर्वांत महत्त्वाचा प्रश्न घडलेल्या गोष्टीचाच: डिड शी मिस द ट्रेन? नकाराच्या वाक्यावर हा प्रश्न विचारला आणि वर्ग 'नो' म्हणाला, तर रूपाकडे वळू नका. पुन्हा डाव्या बाजूकडे जा. अर्थ उलटा कळलेला असताना 'हॅड' आणि 'हॅव'चा सराव घेतला तर तो नुसता जिभेचा व्यायाम होतो.

ऐकण्यातली एक अडचणही प्रश्नानेच सुटते. बोलताना 'आय हॅड' आणि 'आय वुड' दोन्ही आक्रसून 'आयड' होतात. विद्यार्थी विचारतात, ओळखायचं कसं? उलट विचारा: पुढचं क्रियापद कोणत्या रूपात आहे? मूळ रूपात असेल, 'आयड गो', तर वुड. तिसऱ्या रूपात असेल, 'आयड गॉन', तर हॅड. आणि पुढे 'हॅव' ऐकू आलं तर पुन्हा वुडच.

मिश्र वाक्यांसाठी वेगळा तक्ता नको. 'इफ शी हॅड कॉट द ट्रेन, शी वुड बी हिअर नाऊ.' अट कधीची? मागची. परिणाम कधीचा? आत्ताचा. काळाचा प्रश्न दोन्ही भागांना वेगवेगळा विचारायची सवय लागली असेल तर विद्यार्थी हे वाक्य स्वतः सोडवतात.

चूक झाली की काय विचारावं

विद्यार्थी म्हणाला, 'इफ इट विल रेन, आय विल स्टे होम.' दुरुस्त वाक्य तोंडावर फेकलं तर तो ते मागोमाग म्हणतो आणि विसरतो. विचारा: 'इट विल रेन' हा भाग अट की परिणाम? अट. 'विल' कुठे राहतं? परिणामात. बहुतेक वेळा इथेच तो स्वतः सुधारतो. 'इफ इट रेन्ड, आय विल स्टे होम' म्हणाला तर प्रश्न वेगळा: पाऊस येईल असं तुला वाटतंय की येणारच नाही असं? येईल असं वाटत असेल तर पायरी मागे का गेलास? प्रश्न चुकीच्या कारणापर्यंत पोचला पाहिजे, म्हणून आधी चूक कुठून आली ते ओळखा. दोन प्रश्नांत सुटलं नाही तर उत्तर सांगून टाका. त्यापुढे विचारत राहिलं की तो झाडाझडतीत अडकल्यासारखा होतो, आणि पुढच्या वेळी हात वर करत नाही.

मोकळं बोलणं चालू असेल तेव्हा मध्ये तोडू नका. वाक्य टिपून ठेवा आणि तासाच्या शेवटी नाव न घेता फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाला विचारा. कुणी रंगात येऊन सांगत असताना 'वुड' राहिला तर फारसं बिघडत नाही, बोलणं थांबलं तर बिघडतं.

किती आणि कोणत्या क्रमाने

एका तासात एकच प्रकार. चारही प्रकार एकाच दिवशी 'उरकणं' हा सगळ्यांत महाग पडणारा घाईचा मार्ग आहे. बहुतेक अभ्यासक्रमांत झिरो आणि फर्स्ट प्राथमिक पातळीच्या शेवटी, सेकंड मध्यम पातळीवर आणि थर्ड त्यानंतर येतो. तो क्रम ठीक आहे, फक्त साधा भूतकाळ डळमळीत असलेल्या वर्गाला सेकंडकडे नेऊ नका. 'नो'चं 'न्यू' होतं हेच ज्याला आठवावं लागतं, त्याच्याकडे अर्थाचा विचार करायला उसंत उरत नाही. 'अनलेस', 'ॲज लाँग ॲज', 'हॅड आय नोन' ही मंडळी सगळ्यांत शेवटी.

दोन प्रकार झाले की नवा तास सुरू करताना आधीची वाक्यं परत आणा. फळ्यावर चार-पाच वाक्यं मिसळून लिहा, त्यांवर झिरो-फर्स्ट असं काहीही लिहू नका. जोड्या करून विद्यार्थ्यांना दोनच प्रश्न द्या: कोणत्या काळाबद्दल? खरं, शक्य की कल्पना? उत्तरं वहीत लिहायची आणि शेजाऱ्याच्या उत्तराशी ताडून बघायची. जिथे दोघांची उत्तरं जुळत नाहीत तिथे जाऊन उभे राहा आणि दोघांना आपापलं कारण सांगू द्या. नव्या वाक्याची सुरुवात त्याच मतभेदातून करा.